रेघ जाड झाली की पाणी आलं

चैत्राचा शेवटचा आठवडा, सकाळी दूध घालायची वेळ, जागा दूध संस्थेची खोली. मागची रांग सोडली तर हजर तिघं. संस्थेचे सचिव म्हणजे माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, सभासद बाजीरावकाका, आणि औरंगाबादहून चार दिवसांच्या रजेवर आलेला मी. रक्कम म्हणावी तर तीन आकडे. एकाच म्हशीचं, एकाच चरवीतलं दूध मशीनवर तीनदा लावलं. फॅट आली ६.१, मग ६.६, मग ५.८.

बाजीरावकाकांनी चरवी उचलली, आत डोकावून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवली.

"म्हस तर माझी एकच हाय," ते म्हणाले. "यातलं कोन्तं दूध तिचं, तेवढं सांगा सचिवसाहेब."

दादांनी चौथ्यांदा लावायला हात पुढे केला, तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चौथ्यांदा शेळीचं निघंल."

मागे रांगेतली माणसं हसली. दादाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या वर्षी रानात काही नव्हतं. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला होता, ज्वारीची ताटं दाणा न धरताच कापावी लागली होती. घरात रोख येत होती ती फक्त दुधाची, आणि दुधाचा भाव फॅटवर. त्यामुळे दशांश चिन्हाच्या उजवीकडचा आकडा हा कुणाच्या तरी घरातल्या तेलमिठाचा आकडा होता. सचिव आपल्या माणसाला वर लिहितो आणि बाकीच्यांना खाली, असं पारावर बोललं जात होतं. पुढच्या महिन्यात संस्थेची सभा होती. तोवर मशीन सरळ झालं नाही तर दादांना खुर्ची सोडावी लागणार होती. खुर्चीचं त्यांना फारसं नव्हतं. जाताना अंगावर जे चिकटलं असतं, ते आमच्या गावात पुढच्या पिढीपर्यंत निघत नाही.

हे सगळं या वर्षी पुन्हा आठवतंय ते शांततेमुळे. ज्यांनी गाव फक्त बसच्या खिडकीतून पाहिलंय त्यांना वाटतं की खेडं म्हणजे शांतच असतं. तसं नसतं. नेकनूरपासून आमच्या गावापर्यंत कुठल्याही बांधावर उभं राहा, चार दिशांना चार मोटरी घुमत असतात. त्या इतक्या सवयीच्या असतात की ऐकूच येत नाहीत. पाणी खाली गेलं की एकेक मोटर वारा ओढायला लागते, तिचा आवाज चिरका होतो, मग मालक स्टार्टर बंद करतो आणि पाइप गुंडाळून ठेवतो. अशा एकेक करत सगळ्या बंद झाल्या की दुपारी जी शांतता पसरते ती मी कानांनी ओळखतो. गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा आली आहे. लोक आभाळाकडे बघतात. माझे डोळे मात्र आपोआप भिंतीकडे जातात. तिथे एके काळी माझा कागदाचा रोल असायचा.

औरंगाबादला मी मोजणीची उपकरणं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात होतो. माझ्याकडे एकच काम होतं, संदर्भ व्होल्टेज बनवणं. हे काय ते घरात मी आजवर दोनदाच समजावलं आहे. दुकानदार कितीही सरळ असू द्या, त्याचं वजनाचं मापच जर क्षणाक्षणाला थोडं हलकं थोडं जड होत असेल तर तूर खोटीच मोजली जाणार. मोजणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या पोटात असं एक माप असतं. तो विजेचा एक दाब असतो, आणि त्यानं हलायचं नसतं. यंत्र बाहेरून आलेलं सगळं त्याच्याशी ताडून पाहतं आणि आकडा दाखवतं. फॅटच्या मशीनमध्ये दुधातून उजेड जातो, पलीकडे किती पोचला ते मोजलं जातं. पण कशाच्या मानानं मोजलं? त्या मापाच्या. माप थरथरलं की आकडा थरथरणार. दादांच्या मशीनचं माप थरथरत होतं, एवढं मला त्या तीन आकड्यांवरूनच कळलं. मी म्हटलं, "दादा, मी नवं बनवून देतो."

चार दिवसांच्या रजेवर आलेल्या माणसानं हे वाक्य बोलू नये.

कारण असं माप घडवता येतं, पण घाई करता येत नाही. त्याच्या मध्यभागी एक झेनर डायोड असतो, विजेचा दाब एका जागी धरून ठेवणारा, हरभऱ्याएवढा, धातूच्या टोपीतला. नवा डायोड उनाड असतो. त्याला वीज द्यायची, एका ठरलेल्या उबेवर ठेवायचं आणि आठवडेच्या आठवडे हात लावायचा नाही. हळूहळू तो बसतो. मध्येच वीज गेली आणि तो गार झाला, की पुन्हा बसायला वेळ घेतो. आमच्याकडे वीज जायचीच. ती गेली की मी स्कूटरची बॅटरी जोडून त्याची ऊब टिकवायचो, आणि ही जोडाजोडी करायला घरात कुणीतरी लागायचं. दुसऱ्या कुणाला तारा कळत नव्हत्या. म्हणजे मी. मी बाजाराला जाऊ शकत नव्हतो, मयतीला जाऊ शकत नव्हतो. बीडची बस वेशीवर हॉर्न वाजवायची तेव्हा तो आवाज मला आत बसून ऐकू यायचा.

रजा वाढवून मी आमची मागची खोली घेतली होती. दगडी भिंत, एक खिडकी, ती बंद. पंखा नाही, कारण वाऱ्याची झुळूक डायोडच्या एका पायावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी लागली तरी त्या दोन टोकांच्या उबेतल्या फरकानं एक बारीकसा दाब तयार होतो आणि तो मोजणीत मिसळतो. व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाची गोष्ट आहे, पण माझं सगळं कामच त्या दहा लाखाव्या भागात होतं. म्हणून डायोडभोवती कापूस भरला. कापूस सुमनच्या वातींसाठी ठेवलेला होता, गेल्या सालचा, घरातला शेवटचा. सुमन म्हणजे माझी बायको, ती गावीच राहायची. हे सगळं ज्यात बसवलं तो डबाही तिचाच, माहेरून आलेला पितळी डबा, झाकणावर तिच्या वडिलांचं नाव आणि लग्नाची तिथी कोरलेली. जाड पितळ उन्हानं लवकर तापत नाही आणि लवकर गारही होत नाही, म्हणून मला तोच पाहिजे होता.

"डाळ कशात ठिवू मग?" ती म्हणाली.

"पिशवीत ठेव."

"अन् पोरीला लग्नात काय देऊ? पिशवी?"

पण तिनं डबा घासून, पुसून, उन्हात सुकवून दिला.

कारखान्यातून मोडीत काढलेलं एक यंत्र मी मागवून घेतलं. त्याला पेन होतं आणि ते सरकत्या कागदावर रेघ काढायचं. डब्यातलं माप जितकं स्थिर तितकी रेघ बारीक. माप थरथरलं की पेन वरखाली नाचतं आणि रेघ जाड होते, कापडाच्या काठासारखी. एकदा आत बसलो की दार उघडता यायचं नाही, दारातून झळ आत यायची आणि मग तासभर रेघ भलतीकडेच जायची. मी स्वतः हललो तरी ती हलायची. पाणी प्यायला तांब्या उचलला तर कागदावर लहानसा उंचवटा. म्हणून मी कोपऱ्यात पाठ टेकून बसायचो, बनियन अंगाला चिकटलेलं, मानेवरून घाम उतरतोय आणि तो पुसायचा नाही. माझ्या अंगाची ऊब रेघेला खपत नव्हती, आणि मी बाहेर जायचं तर दार उघडावं लागणार. आत असणंही चूक, बाहेर जाणंही चूक. त्या वैशाखात मला कोंडलं कुणीच नव्हतं. कडी माझ्याच बाजूनं होती.

पहिल्या पंधरवड्यात रेघ बारीक होत गेली. पेन्सिलीची असते तशी झाली. मी खूश होतो. मग मधूनच, काही कारण नसताना, ती जाड व्हायची. दोन-दोन तास जाड राहायची आणि पुन्हा बारीक. मी तारांचे सांधे कथील ओतून पुन्हा जोडले. पितळी स्क्रू काढून सगळीकडे तांबंच ठेवलं. कापूस काढून पुन्हा भरला. रेघ तिच्या मनानं वागत राहिली. मी आतून शिव्या द्यायचो आणि सुमन बाहेरून दाराला कान लावायची.

एक दिवस ती दाराच्या फटीतून म्हणाली, "एक सांगू का? तुमी चिडलात की पाणी येतं."

मी म्हटलं, "कावून?" गावात आलो की 'का'च्या जागी माझ्याही तोंडात गावचेच शब्द येतात.

"कावून ते तुमाला ठाऊक. परवा चिडलात, पाणी आलं. त्याच्या आदल्या खेपेलाबी चिडलात, पाणी आलं. बाकीचे दिवस तुमी देवासारखे गप, अन् आमच्या घागरी कोरड्या."

कागदाचा गुंडाळलेला रोल मी उलगडून पाहिला, पाणी आलं त्या त्या वेळी रेघ जाड होती. टँकर त्या वर्षी थेट गल्लीत येत नसे. तो सडकेकडेच्या बाजीरावकाकांच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि मग काकांची मोटर ते पाणी गावातल्या टाकीत चढवायची. विहीर ओढ्यापलीकडे, तिचा आवाज गल्लीपर्यंत पोचायचा नाही. पण आमचं घर, दूध संस्था आणि ती विहीर, तिन्ही एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. गावातल्या बाकी मोटरी विहिरींबरोबर मेल्या होत्या. ही एकच उरली होती. ती सुरू झाली की तारेतला दाब बसायचा, धक्के खायचा, आणि ते धक्के माझ्या डब्यापर्यंत यायचे. म्हणजे मी जिला माझ्या हाताचं कसब समजत होतो ती बारीक रेघ अर्धी माझी होती आणि अर्धी दुष्काळाची. विहिरी कोरड्या म्हणून वीज शांत, वीज शांत म्हणून मी शांत.

आणि दादांचं मशीन का नाचतं तेही त्यातच होतं. टँकर यायचा तो नेमका सकाळच्या दुधाच्या वेळेला.

सुमननं ही गोष्ट नळावर सांगितली असणार. कारण दुसऱ्याच दिवशी बंद खिडकीवर टकटक झाली. शेजारच्या काशीबाई, धनगराच्या घरातल्या, मेंढरं घेऊन माणसं घाटाखाली गेलेली आणि त्या म्हाताऱ्या सासूला घेऊन मागे राहिलेल्या.

"भावजी, रेघ काय म्हंती?"

मी म्हटलं, "बारीक आहे."

"बारीक का? मंग बसते थोडं," म्हणून त्या भिंतीच्या सावलीला टेकल्या.

मग ते रोजचंच झालं. चार-पाच जणी खिडकीखाली घागरी घेऊन बसायच्या. टाकीपाशी उन्हात उभं राहण्यापेक्षा माझ्या भिंतीला सावली होती. आत मी रेघ बारीक राहावी म्हणून श्वास धरून बसलेला, बाहेर त्या रेघ जाड व्हावी म्हणून वाट बघत बसलेल्या, आणि मध्ये एक दगडी भिंत. पेन थरथरायला लागलं की मीच ओरडून सांगायचो, "जाड झाली." मग घागरींचा आवाज, पावलांचा धुरळा, आणि खिडकी पुन्हा गप्प. एकदा लागोपाठ काही दिवस टँकर आला नाही. त्या दिवसांतली रेघ मी आजवर काढलेल्या सगळ्या रेघांत उत्तम आहे. ती कारखान्यात दाखवली असती तर मला बढती मिळाली असती. मी ती कुणालाच दाखवली नाही.

कारखान्याचा निरोप आला, महिनाअखेरीपर्यंत रुजू व्हा. मी दादांना सांगितलं की दोष मोटरीचा आहे, तुमचा नाही. दादा ओसरीवर मांडी घालून बसले होते, ते एकदम ताठ झाले.

"मंग झालंच की. सभेत सांगून टाकतो. दुधाच्या येळंला काकानं मोटर बंद ठिवायची. माझ्यावर बोट दाखवतो, अन् त्याच्याच मोटरीनं माझी इज्जत घालवली."

"आणि टँकर? तो त्याच वेळेला येतो."

"मंग येऊ दे नंतर."

"तो आपल्या वेळेनं येत नाही दादा. मोटर बंद ठेवली आणि वीज गेली, तर त्या दिवशी पाणी नाही. उद्या बाया म्हणतील की सचिवानं स्वतःची फॅट सांभाळायला आमचं पाणी तोडलं."

दादांनी बोटांवर वेळा मोजून पाहिल्या. मग म्हणाले, "म्हंजी मोटर चालू ठिवून तुझं डबं गप बसलं पायजे."

"हो."

"बसंल?"

मी खरं सांगितलं. विजेवर चालवून बसणार नाही. विजेच्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, लावून पाहिल्या होत्या, धक्का लहान व्हायचा, जात नव्हता. डबा आणि मशीन दोन्ही विजेच्या तारेपासून पुरती तोडून मोठ्या बॅटरीवर चालवायला हवीत. स्कूटरची बॅटरी पुरणार नाही. ट्रॅक्टरची लागेल. आणि गल्लीत ट्रॅक्टर होता एकट्या बाजीरावकाकांकडे.

दादा जाणार नव्हते, म्हणून मीच गेलो. खोलीबाहेर इतक्या दिवसांनी निघालो की उजेडानं डोळ्यांत पाणी आलं. काका गोठ्यात म्हशीवर ओलं पोतं टाकत होते. मी सगळं सांगितलं, मोटरीचंही सांगितलं.

"म्हंजी चोर माझ्याच घरात व्हता," ते म्हणाले.

"चोर कुणीच नव्हता काका."

"आसं कसं? मी पारावर तुझ्या भावाला चोर म्हनलोय. आता न्हवता म्हनायचं तर आदी दाखवावं लागंल." त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "बॅटरी घिऊन जा. ट्रॅक्टर तरी कुटं चाललाय. आकडा माझ्या बाजूनं आला न्हाई तरी चालंल. पर एकच आला पायजे."

सभेच्या दिवशी डबा मांडीवर घेऊन मी बैलगाडीत बसलो, बॅटरी पायांशी, तारा तशाच जोडलेल्या. संस्थेची खोली चार पावलांवर नसली तरी लांब नाही, पण धक्का लागू नये म्हणून गाडी माणूस चालेल त्याहून हळू नेली. पोरंटोरं मागून येत होती. कुणीतरी विचारलं, "देव बसवायला निघालाव का?" डब्यावर सुमनच्या वडिलांचं नाव उन्हात चमकत होतं.

येताना मोटर सुरू करूनच आलोय, असं काकांनी सर्वांसमोर सांगितलं. मी मशीनचं जुनं माप सोडवून तिथे डबा जोडला, दोन्ही बॅटरीवर. तीच चरवी, तीच म्हैस. दादांनी दूध लावलं, पण आकडा वाचायला काकांना पुढे केलं.

"सहा पॉइंट एक."

पुन्हा लावलं. "सहा पॉइंट एक."

तिसऱ्यांदा काकांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा घातला. "एक," ते म्हणाले. मग खोलीतल्या सगळ्यांकडे वळले. "पैल्या दिशी पैला आकडा आला व्हता तोच खरा व्हता, अन् वहीत तोच लिवलाय. सचिवानं मला कमीबी दिलं न्हाई, जास्तबी दिलं न्हाई. पारावर जे बोललो ते माघारी घेतो." एवढं बोलून ते रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले. दादांनी मान खाली घालून पुढच्या माणसाची चरवी घेतली. तिचाही आकडा दोनदा लावून एकच आला.

संध्याकाळी मी पिशवी भरायला घेतली. दादा दारात आले. "चार दिस थांब," ते म्हणाले. "आता समद्यांचा इस्वास त्या डब्यावर हाय. ते रुसलं तर बगनार कोन?"

मी थांबलो. महिनाअखेर आली आणि गेली. कारखान्यानं माझ्या जागी दुसरा माणूस घेतला, आणि त्यांची काही चूक नव्हती. संस्थेनं नंतर मशीन दोनदा बदललं, पण डबा तोच ठेवला. नव्या मशीनचा आकडा लोक जुन्या डब्याशी ताडून घेतात. मी अजून बॅटरी बदलायला जातो. या कामात मला एक गोष्ट कळली. सगळे ज्याच्याशी ताडून पाहतात त्याला जागेवरून हलण्याची मुभा नसते. ही मी तक्रार म्हणून लिहीत नाही. डायोडबद्दल हे मला कारखान्यातच शिकवलं होतं. सुमन एवढंच म्हणते, "माझ्या बापाचं नाव तरी घरातून भाईर पडलं."

सभेच्या दुसऱ्या दिवशी खिडकीवर टकटक झाली. खोलीत सरावानं मी रोल लावून ठेवला होता, जोडीला म्हणून आधीपासून बसवत आणलेल्या दुसऱ्या डायोडची तपासणी चालू होती, तीही बॅटरीवर.

"भावजी, रेघ काय म्हंती?"

मी कागदाकडे पाहिलं. रेघ केसासारखी होती. मोटर चालू असेल किंवा नसेल, तिला आता कळणार नव्हतं.

"काशीबाई," मी म्हटलं, "ती आता काही सांगत नाही."

बाहेर घागर खाली टेकल्याचा आवाज आला. मग काशीबाई म्हणाल्या, "लई सुदारली म्हनायची," आणि घागर उचलून टाकीकडे, उन्हात, बघून यायला निघाल्या.

संस्थेनं ठराव केला होता त्याप्रमाणे देणं दिलं गेलं. बाजीरावकाकांना बॅटरीच्या भाड्यापोटी एक पोतं सरकी पेंड मिळाली. ती त्यांनी त्याच दिवशी म्हशीपुढे टाकायला सुरुवात केली. मला एक नारळ मिळाला. सुमननं तो उंबऱ्यावर फोडला, पाणी अर्धा पेला निघालं, आणि तिनं पेला माझ्यापुढे धरला. "घ्या, तुमचा पगार." मी खिडकी उघडली. तपासणी आटोपली होती, आता उघडायला हरकत नव्हती. काशीबाई रिकामी घागर घेऊन परत येत होत्या. मी पेला गजांमधून बाहेर दिला. त्यांनी तो पदराखाली धरला आणि न सांडता सासूकडे नेला.